सोसिलासचं एकविसावं स्तोत्र

सोसिलासला राग यायला मोठं कारण लागत नसे, आणि आमच्या अनाफे बेटावर बारीकसारीक कारणांना तोटा नव्हता. सकाळी तो दारात बसायचा, निरगुडीचे ओले फोक पायाच्या अंगठ्यात धरायचा आणि मासे धरायच्या टोपल्या विणायचा. विणताना ओठ हलत असायचे. येणाराजाणारा विचारायचा, "काय सोसिलास, आज कोणाच्या नावानं शिव्या?" तो मान वर न करता म्हणायचा, "अजून ठरलं नाही. तू असाच उभा राहिलास तर तुझ्या." खरं म्हणजे तो शिव्या देत नसे. देवासाठी ओळी जुळवत असे.

त्याच्या टोपल्याही त्यामुळे विचित्र व्हायच्या. ओळ जमली की वीण घट्ट यायची, अडली की ढिली पडायची. ब्रिसोन नावाचा आमच्या बंदरातला मोठा होडीवाला होता, आवाजानंही मोठा आणि पोटानंही. तो रिकामी टोपली त्याच्यासमोर आपटून म्हणायचा, "घे, तुझ्या दुसऱ्या कडव्यातनं माझे मासे पळाले." लोक हसायचे. सोसिलास टोपली उचलून आत जायचा आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलायचा नाही.

झळाळत्या अपोलो देवाचा यज्ञ आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर होतो. वेदीसमोर पंधरा पुरुषांचा मेळा आधी स्तोत्र गातो. ते स्तोत्र रचायचं आणि मेळ्याकडून बसवून घ्यायचं काम सोसिलासच्या घराण्याकडे. देवाला शिळं चालत नाही, म्हणून दर वर्षी नवं. वडील गेल्यापासून त्यानं वीस स्तोत्रं केली. प्रत्येक एकदाच गायलं गेलं आणि बोकडाचं मटण शिजायच्या आत सगळे ते विसरले.

विसरणारच. कारण लोकांचे कान लागलेले असतात स्तोत्रानंतरच्या टोमण्यांकडे. पहिले खलाशी इथे आले ते काळ्याकुट्ट अंधारात भरकटत. देवानं धनुष्य उंच धरलं, त्याच्या झळाळीत त्यांना हे बेट दिसलं. उतरून यज्ञ केला, पण ओतायला दारूचा थेंब नव्हता, म्हणून जळत्या लाकडांवर त्यांनी पाणी ओतलं. ते बघून त्यांच्याबरोबरच्या दासी खो खो हसत सुटल्या, पुरुषांनी त्यांना टोमणे मारले, त्यांनी दामदुपटीनं परत केले. तेव्हापासून आमची रीत तीच. तीन घागरी पाणी, तीन टोमणे. पहिला पुरुषांचा. दुसरा बायकांचा, कोणाचं तरी नाव घेऊन. ज्याचं नाव घेतलं त्यानं तिसऱ्या घागरीला उत्तर द्यायचं. आणि दर वेळी लाकडांवरची वाफ विरायच्या आत हशा उठलाच पाहिजे. नाही उठला तर यज्ञ फुकट, देवानं तोंड फिरवलं असं समजायचं. तसं कधी झालं नव्हतं. आमच्याकडे पावसाचा दुष्काळ पडतो, जवाचा पडतो, हशाचा पडत नाही.

आणि टोमण्यांत बेटावर पहिला नंबर कोणाचा, तर सोसिलासच्या बायकोचा. तिमो तिचं नाव. बारकीशी, लसणीसारखी तिखट. ब्रिसोनवर तिनं पंधरा वर्षांपूर्वी केलेला टोमणा अजून बायका धुणं धुताना म्हणतात:

वारा पडला म्हणून दादला घरी निजला,
त्याच्या घोरण्यानं शेजारचा मचवा निघाला.

हे सोसिलासच्या जिव्हारी लागलेलं. "मी सहा महिने एकेका शब्दासाठी रक्त आटवतो," तो तिला म्हणायचा, "आणि तू पीठ मळता मळता दोन ओळी फेकतेस. त्या पंधरा वर्षं टिकतात."

"मग तूही पीठ मळ," तिमो म्हणायची.

"थट्टा नको. तुला माझ्या एका तरी स्तोत्रातली ओळ येते का?"

"येईल ना. पुढच्या वेळी नीट ऐकते." ती मनापासून म्हणायची, आणि पुढच्या वेळी बायकांच्या घोळक्यात तिसऱ्या ओळीला तिचं लक्ष उडालेलं असायचं. तो गाता गाता बघायचा ते. बघायचा आणि चडफडायचा.

त्या वर्षी मात्र गोष्ट वेगळी होती. थेरा हे आमच्या समोरचं थोरलं बेट. तिथला मेळा दर वर्षी देलोसला जातो, जिथे हा देव जन्मला, आणि सगळ्या बेटांसमोर गातो. गाण्याआधी रचणाऱ्याचं नाव पुकारतात. थेराचा स्तोत्रं करणारा म्हातारा हिवाळ्यात वारला, आणि त्यांनी ठरवलं की आसपासच्या बेटांवर माणूस पाठवून ऐकायचं. जे आवडेल ते न्यायचं. आमच्याकडे यज्ञाच्या दिवशी क्रितोबूल नावाचा त्यांचा माणूस येणार असा निरोप आला.

सोसिलासनं टोपल्या विणणं बंद केलं. तो जेवायचा उभ्यानं. एक दिवस तिमोनं समोर डाळ ठेवली तर तो तिच्या वाफेकडे बघत म्हणाला, "देलोस. सगळी बेटं. आणि माझं नाव. हे एकदा झालं ना, मग मी मेलो तरी चालेल."

"आधी जेव," तिमो म्हणाली. पण तिनं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

तालमी खळ्यावर व्हायच्या. त्या तालमी म्हणजे काय छळ होता ते मला विचारा, मी त्या पंधरांतला एक. सोसिलासनं काठीनं जमिनीवर जागा आखून दिलेल्या. आम्ही निम्मे वेळेवर यायचो, निम्मे यायचेच नाहीत. साथीला पावा वाजवणारा पावेवाला यायचा तो दारू चढवून. आणि सूर म्हणाल तर पंधरा जणांचे सोळा. स्तोत्राच्या दुसऱ्या कडव्यात त्याच्या जिवाच्या दोन ओळी होत्या:

काळोखाच्या तोंडात तू धनुष्य उचललंस,
आणि पाण्यात जे नव्हतं ते बेट होतं झालं.

या ओळींना सगळ्यांनी एकदम आवाज खाली आणायचा होता. एकदम. चाळीस वेळा करून घेतलं त्यानं. एकेचाळिसाव्या वेळी आम्ही खरंच खाली येत होतो, आणि तेवढ्यात बाजूच्या जवावर तितर उतरले. आमच्या बेटावर माणसांपेक्षा तितर जास्त, पीक राहू देत नाहीत. आठ जण दगड घेऊन धावले. सोसिलास काठी हातात धरून तिथेच उभा.

ब्रिसोन धापा टाकत परत आला. "चार पाडले."

"स्तोत्राचं काय?"

"अरे, देव कुठे पळून जातोय? जव गेले तर खायचं काय, तुझं दुसरं कडवं?"

"तुम्हाला गळाच नाही रे," सोसिलास म्हणाला. "गळाही नाही आणि कानही नाही. देवानं तुम्हाला नुसती पोटं दिली."

"आणि तुला नुसतं नाक," ब्रिसोन म्हणाला. "राग ठेवायला." आम्ही हसलो. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

यज्ञाच्या दिवशी हवा स्वच्छ होती. क्रितोबूल आला होता, पांढऱ्या दाढीचा, सभ्य माणूस. त्याला वेदीजवळच्या दगडावर बसवलं. पुजारी होता म्हातारा आर्खिदाम. त्याला बहुतेक गोष्टींची घाई असे, कारण त्याच्या गुडघ्यांना उभं राहणं सोसत नसे. आम्ही आखलेल्या जागी उभे राहिलो. पावेवाला चक्क शुद्धीवर होता.

पहिलं कडवं चांगलं गेलं. मी सांगतो ना, चांगलं गेलं. मागे लोक बोलत होते, कोणाचं तरी लेकरू रडत होतं, बायकांत आत्ताच खुसखुस सुरू झाली होती, पण क्रितोबूल मान हलवत होता. सोसिलासच्या कानशिलावर घाम दिसत होता. आता दुसरं कडवं, आता त्या दोन ओळी. त्यानं आमच्याकडे बघून हात खाली आणायला सुरुवात केली.

"आटपा रे," आर्खिदाम म्हणाला. "निखारे बसायला लागले. मग वाफ धड उठायची नाही."

पुजाऱ्याचा शब्द. आम्ही थांबलो. सुटलो म्हणूनच थांबलो. एकटा सोसिलास आपल्याच नादात दोन शब्द पुढे गेला, त्या एवढ्या मोकळ्या जागेत त्याचा एकट्याचा आवाज, आणि मग त्याच्या लक्षात आलं. बायकांतून कोणीतरी फिसकन हसलं.

"अजून एक कडवं आहे," तो पुजाऱ्याला म्हणाला.

"पुढच्या वर्षी म्हण."

"पुढच्या वर्षी हा माणूस येणार नाही."

"बाबा रे, लाकडं थांबत नाहीत," आर्खिदाम म्हणाला आणि त्यानं घागरीसाठी हात पुढे केला.

सोसिलास बाजूला झाला. क्रितोबूल शेजारच्याशी काहीतरी बोलत होता, स्तोत्राबद्दल असेल किंवा नसेल. पहिली घागर ओतली, वाफ उठली, ब्रिसोननं बायकांच्या तोंडाला लगाम नसण्याबद्दल काहीतरी जुनंच म्हटलं. सगळे हसले, कारण ब्रिसोनला पोटासकट बघताना हसू येतंच.

दुसरी घागर. बायकांतून तिमो पुढे आली. तिनं पाहुण्याकडे एकवार बघितलं, मग कमरेवर हात ठेवून ठणठणीत आवाजात म्हणाली:

सोसिलास देवासाठी सूर लावत बसला,
देव म्हणाला, थांब रे बाबा, आत्ता डोळा लागला!

अशी खसखस पिकली म्हणता! आर्खिदाम गुडघे विसरून हसला. क्रितोबूल दाढी धरून डोळे पुसत होता, आणि शेजाऱ्याला विचारत होता, "सोसिलास म्हणजे कोण? तो का?" तिमोला हेच हवं होतं. नाव त्याच्या कानावर जावं, एवढंच. तिनं मला पुढे स्वतः सांगितलं: "कडवं बुडालं होतं. म्हटलं, निदान माणूस तरी लक्षात राहू दे." एकवीस वर्षांत तिनं नवऱ्याला कधी यज्ञात ओढलं नव्हतं. त्या दिवशी त्याच्या भल्यासाठी ओढलं.

त्याला ते कसं कळावं? त्याला एवढंच दिसलं, की बायकोसुद्धा.

तिसरी घागर त्याची. पुरुषांनी त्याला ढकलून पुढे केलं. "बोल, बोल," ब्रिसोन पाठीवर थापा मारत होता, "दे की उत्तर. का गळा नाही?" पाणी ओतलं गेलं. वाफ उठली. आणि सोसिलास बोलला. गायला नाही, नुसता बोलला, पण त्या बोलण्याला ठेका होता:

गळा नाही म्हणता? होता की त्या दिवशी.
सात जण बुडत होते, आपण काठावर ओरडत होतो,
सगळे एका सुरात, एकही बेसूर नाही,
आणि एकाचाही पाय ओला झाला नाही.

हे सांगायला माझीही जीभ रेटत नाही, पण सांगतो. आदल्या हिवाळ्यात आमची एक होडी बंदराच्या तोंडाशी येऊन उलटली. सात माणसं. हाकेच्या अंतरावर. आमच्या होड्या वर ओढून ठेवलेल्या होत्या, ब्रिसोनची तर त्या लाटेलाही दाद न देणारी. आम्ही सगळे काठावर जमलो. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत होता की हा आधी होडी ढकलेल. आणि आम्ही ओरडत होतो: दोर धरा, फळी धरा, सोडू नका. तिकडून हाका येईनाशा होईपर्यंत ओरडत होतो. मी होतो. सोसिलास होता. त्या सातांत तिमोचा धाकटा भाऊ होता. त्यानंतर त्या गोष्टीबद्दल बेटावर कोणी एक अक्षर बोललं नव्हतं, तिमोसुद्धा नाही.

आता कोणी हसलं नाही. कोणी हललंही नाही. लेकरू रडायचं थांबलं. वीस वर्षं ज्याच्या ओळींवर लोक कुजबुजले, जांभया दिल्या, तितरांमागे धावले, त्याच्या या चार ओळी सगळ्या बेटानं श्वास धरून ऐकल्या. आणि लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण त्यानंच ती मला सांगितली: पहिल्या क्षणी त्याला बरं वाटलं.

मग त्यानं वाफेकडे बघितलं. ती पातळ होत होती. आर्खिदाम हात वर करून कळवळून म्हणाला, "हसा रे कोणीतरी." एका म्हाताऱ्यानं घशातून आवाज काढला, तो खोकला निघाला. तिमो होती तिथेच उभी होती, कमरेवरचे हात खाली आलेले. वाफ विरली.

दुसऱ्या दिवशी दुसरा बोकड, दुसरी लाकडं, पुन्हा तीन घागरी. आम्ही हसलो. भाड्यानं आणल्यासारखे हसलो, पण वेळेत हसलो. सोसिलासला वेदीपासून लांब उभं केलं होतं. यज्ञ झाल्यावर आर्खिदामनं सगळ्यांसमोर सांगितलं, की ज्या शब्दांनी देवाचं हसू मारलं ते या बेटावर पुन्हा उच्चारायचे नाहीत आणि बाहेरच्याला द्यायचे नाहीत. सोसिलासनं वेदीवर हात ठेवून होय म्हटलं. मेळा त्याच्याकडेच राहिला. दुसरा कोण करणार ती कटकट?

क्रितोबूल निघाला तेव्हा सोसिलास धक्क्यावर गेला. जायला नको होतं, पण गेला. ब्रिसोन पाहुण्याच्या होडीचा दोर धरून उभा होता.

"तुझं स्तोत्र चांगलं होतं," क्रितोबूल म्हणाला. "राग मानू नकोस, तशी आमच्याकडे ढीगभर आहेत."

"दुसरं कडवं तुम्ही ऐकलं नाही."

"ते असू दे. ते कालचं दे मला, चार ओळींचं. माझ्या एकदा ऐकून ध्यानात राहिलं नाही नीट, मी इतका हादरलो होतो. देलोसला नाही गाता येणार, पण आमच्या बंदरात गातील. आमच्याही होड्या बुडतात, आम्हीही काठावर उभे असतो. तुझ्या नावानं गातील. इथे कोण ऐकतंय? कानात सांग."

आता बघा. पन्नाशीला आलेला माणूस, आयुष्यभर एवढ्याचीच वाट बघितलेला. कोणीतरी स्वतःहून त्याच्या ओळी मागत होता. त्यानं तोंड उघडलं. ब्रिसोन चार हातांवर होता. तो दम देत नव्हता, विनवतही नव्हता. दोराकडे बघत होता, आणि एवढा मोठा आवाज असलेल्या त्या माणसाचे ओठ पांढरे पडले होते.

"विसरलो," सोसिलास म्हणाला.

"कालचं?"

"रागात बोललो होतो. रागातलं राहत नाही माझ्या ध्यानात."

क्रितोबूलला ते खरं वाटलं नाही, पण वारा चांगला होता आणि त्याला अजून दोन बेटं करायची होती. ब्रिसोननं दोर सोडला. परत येताना दोघं एका वाटेनं आले.

घरी तिमो ऑलिव्ह निवडत बसली होती. सोसिलास तिच्यासमोर बसला. दोन दिवसांत ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली होती.

"एकवीस स्तोत्रं केली मी," तो म्हणाला. "एकातली एक ओळ म्हणून दाखव."

तिनं खरोखर आठवून बघितलं. हात थांबवून, डोळे मिटून. मग म्हणाली, "नाही रे येत."

"आणि ते?"

"ते येतं."

"सगळं?"

"शब्दन्‌शब्द. बेटावर सगळ्यांना येतं. आज विहिरीवर बायका गप्प होत्या, सगळ्यांच्या तोंडात तेच होतं."

सोसिलासनं कपाळाला हात लावला. त्याला हसावं की भांडं फेकावं कळेना. "म्हणजे केलं एकदाचं मी, सगळ्यांना पाठ झालं असं, आणि ते कोणी म्हणायचं नाही. मीसुद्धा नाही. हा कुठला न्याय?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तिमो, दार लावतो. एकदा म्हण. मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकू दे. वेदीवर हात मी ठेवला होता, तू नाही."

तो उठला आणि त्यानं खरंच दार लावलं. तिमोनं मांडीवरची परात खाली ठेवली. पदरानं हात पुसले.

"मला नाही म्हणता येणार," ती म्हणाली. "त्यात माझा भाऊ आहे. तू म्हण. मी ऐकते."

ती हात मांडीवर ठेवून, त्याच्या तोंडाकडे बघत बसली. इतकं नीट ऐकायला ती आजवर कधी बसली नव्हती. सोसिलास दाराला टेकून उभा राहिला, पहिला शब्द त्याच्या ओठांवर होता, आणि त्याला तो म्हणता आला नाही.